भाक आणि भाकीत

नाथषष्ठी होऊन दहा दिवस लोटले कीं पाडवा येतो. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारें वीस किलोमीटरांवर, चितेगांव आहे. तेथें आमचें जुनें घर. षष्ठीच्या दिंड्या ज्या रस्त्यानें पैठणास जातात, त्याच रस्त्याच्या अंगाला आतां कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत, आणि घरांतील तरुण मंडळी नोकरीधंद्यानिमित्त चार गांवीं पांगली आहे. तथापि पाडव्याला सर्वांनीं जमावयाचें हा नेम अद्याप मोडलेला नाहीं. गुढी उभारून कडुनिंबाचा पाला तोंडांत टाकला कीं आमचे थोरले चुलते (सारें घर त्यांना आप्पा म्हणतें) ओसरीवर पाट घेऊन बसतात आणि नवें पंचांग वाचतात. संवत्सराचें नांव काय, त्याचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य किती. लहान मुलें श्रीखंडासाठीं उतावीळ झालेलीं असतात. पण वाचन संपल्याखेरीज पानें वाढलीं जात नाहींत.

यंदांही वाचन झालें, परंतु कोणाचें चित्त त्यांत नव्हतें. तीनच दिवसांपूर्वीं माझ्या पुतणीच्या ठरत आलेल्या लग्नाचा निरोप आला होता. मुलगी पसंत, शिक्षण पसंत, घराणें पसंत; "पण मुलीचें मूळ नक्षत्र आहे. मुलाच्या वडिलांना तें बरें नाहीं. आमच्या गुरुजींनीं भविष्य चांगलें सांगितलें नाहीं," एवढें कळवून त्या मंडळींनीं विषय संपविला होता. वहिनी गप्प, माझे बंधु गप्प. पंचांग मिटतांना आप्पांचाही हात क्षणभर थांबला. तेव्हां ती मुलगीच बोलली.

"काका, तुम्ही जन्मभर मराठी शिकविलीत. मला एवढेंच सांगा. भविष्य म्हणजे जें अजून झालेलें नाहीं तें ना? मग त्यांच्या गुरुजींनीं जें सांगितलें तें माझें भविष्य कसें झालें? तें तर त्यांचें म्हणणें झालें. त्या म्हणण्याला मराठींत दुसरा शब्द नाहीं काय?"

प्रश्न साधा होता. परंतु मला तेथल्या तेथें उत्तर देतां आलें नाहीं. त्या रात्रीं जुने कोश काढून बसलों. त्यानंतर जें सुचलें आणि सांपडलें तें येथें मांडीत आहें. हा लेख ज्योतिषाच्या बाजूनें वा विरुद्ध वाद घालण्यासाठीं नाहीं. आपण रोज जे शब्द बोलतों ते काय म्हणतात, हें एकदां नीट ऐकावें, एवढाच हेतु आहे.

'भविष्य' हा शब्द संस्कृत 'भू' म्हणजे होणें या धातूपासून आला. भविष्य म्हणजे होणारें. मूळांत हा काळाचा शब्द आहे, सांगण्याचा नव्हे. मराठीनें मात्र त्याला दुसरा अर्थ जोडला. 'भविष्य पाहिलें', 'भविष्य सांगितलें', 'भविष्य खोटें ठरलें' असें आपण सर्रास म्हणतों. या शेवटच्या वाक्याचा विचार करावा. जें होणार तें खोटें कसें ठरेल? खोटें ठरतें तें सांगणें. पण होणारें आणि सांगितलेलें या दोहोंस आपण एकच नांव दिलें, त्यामुळें कोणी कांहीं सांगितलें कीं तें होणारच असा भास शब्दांतूनच उत्पन्न होतो. माझ्या पुतणीनें बोट ठेविलें तें नेमकें याच जागीं.

तिला हवा असलेला दुसरा शब्द मराठींत आहे, आणि तो 'भाकीत' हा होय. भाक, भाकणें आणि भाकीत हीं एकाच कुळांतलीं. भाक म्हणजे शपथेनें दिलेलें वचन. 'भाक देणें' याचा अर्थ आपला शब्द गहाण ठेवणें. 'करुणा भाकणें' यांतही तेंच मनापासून बोलणें आहे. तेव्हां भाकीत म्हणजे कोणीतरी बोललेलें, आपल्या जबाबदारीवर उच्चारलेलें. भविष्याला बोलणारा लागत नाहीं, भाकिताला लागतो. ज्यानें भाकीत केलें त्यानें एका अर्थीं भाक दिली, आणि दिलेली भाक पाळली गेली कीं नाहीं हें पुढें पाहिलें जातें, निदान पाहिलें जावें. 'त्यांच्या गुरुजींनीं भविष्य चांगलें सांगितलें नाहीं' याऐवजीं 'त्यांच्या गुरुजींनीं वाईट भाकीत केलें' असें म्हटलें, तर लगेच पुढचा प्रश्न जिभेवर येतो : कशाच्या आधारावर? आणि चुकलें तर?

आपल्या पूर्वजांना हे प्रश्न सुचले नव्हते असें समजूं नये. पुढचें सांगण्याचे जितके मार्ग होते तितके निरनिराळे शब्द त्यांनीं राखले, आणि प्रत्येक शब्दांत आधार कोणता हें सांगून ठेविलें.

पहिला आधार खुणेचा. 'शकुन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पक्षी. पक्षी कोणत्या बाजूनें उडाला, कसा ओरडला, यावरून प्रवासाचें बरेंवाईट ठरवीत, म्हणून पक्ष्याचें नांवच त्या खुणेला मिळालें. रानांत पक्ष्यांनीं सांभाळलेली मुलगी म्हणून शकुंतला, हें नांव त्याच कुळांतलें. मराठी घरांत हा पक्षी अद्याप बसलेला आहे. दारीं कावळा ओरडला कीं आजी पाहुण्याचा स्वयंपाक धरते. 'पिंगळा' हें एका लहान घुबडाचें नांव, आणि पहांटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारोदार पुढचें सांगत फिरणाऱ्या जोशालाही पिंगळाच म्हणतात, कारण त्याला त्या पक्ष्याची भाषा कळते असा समज. कुडमुडे वाजवीत येणारा तो कुडमुडे जोशी. पक्ष्यांच्या जोडीला भिंतीवरची पाल आहे. आणि गंमत अशी कीं, पालीवर विश्वास नसलेला माणूसही 'माझ्या मनांत पाल चुकचुकली' असें सहज म्हणून जातो. 'चाहूल' हाही खुणेचाच शब्द : येणाऱ्याच्या पावलांचा आवाज. थंडीची चाहूल लागते, संकटाची चाहूल लागते. येथें कोणी भाकीत करीत नाहीं. जें निघालेलें आहे त्याचा आवाज आधीं कानीं पडतो इतकेंच.

दुसरा आधार देवाला विचारण्याचा. कोंकणांत आणि गोव्यांत ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर फुलें वा तांदळाचे दाणे चिकटवून गाऱ्हाणें घालावयाचें, आणि उजवीकडचें आधीं पडतें कीं डावीकडचें यावरून होय-नाहीं समजावयाचें. 'कौल' हा शब्द अरबींतला, आणि त्याचाही अर्थ शब्द, वचन असाच! शिवकालांत रयतेला अभय देऊन जमीन लावण्यासाठीं जें आश्वासनपत्र देत त्यालाच कौल वा कौलनामा म्हणत. एक शब्द आपल्या घरचा, दुसरा परदेशाहून आलेला. परंतु भाक आणि कौल या दोहोंच्याही मुळाशीं दिलेला शब्दच आहे. आज निवडणुकीनंतर वर्तमानपत्रें 'मतदारांचा कौल' असें छापतात तेव्हां ग्रामदेवतेची जागा मतदारानें घेतलेली असते, आणि तेंही योग्यच आहे.

तिसरा आधार गणिताचा. आणि आमच्या घरावर जो प्रसंग आला तो याच वाटेनें आला, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. पुढचें सांगण्याला 'होरा' म्हणतात. 'माझा होरा चुकला नाहीं' असें राजकारणावर बोलणारे गृहस्थही म्हणतात. वराहमिहिरानें आपल्या बृहज्जातकांत या शब्दाची एक व्युत्पत्ति नोंदविली आहे : 'अहोरात्र' शब्दाचें पहिलें व शेवटचें अक्षर गाळलें कीं होरा राहतो. व्युत्पत्ति चतुर आहे, परंतु हा शब्द ग्रीक आहे, आणि ग्रीकांत त्याचा अर्थ काळाचा एक भाग, घटका असा. ग्रीकांच्या फलज्योतिषाबरोबर असे कितीतरी शब्द आपल्याकडे आले. त्यांतच 'केंद्र' हा एक. कुंडलींतील पहिलें, चौथें, सातवें व दहावें स्थान म्हणजे केंद्र. आज केंद्र सरकार, मतदान केंद्र, आरोग्य केंद्र असें आपण म्हणतों तेव्हां तो शब्द जोशाच्या पाटीवरून उतरून आला आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. पुढें मुसलमानी काळांत फाशांवरून पुढचें सांगणारें 'रमल' आलें. अरबींत रमल म्हणजे वाळू, कारण ते आंकडे मूळांत वाळूंत काढीत. ज्ञान घेतांना आपल्या ज्योतिष्यांनीं सोंवळें पाळलें नाहीं, हें त्यांच्या मोठेपणाचें लक्षण आहे.

आपला संसारसुद्धां याच पाटीवरच्या शब्दांनीं भरलेला आहे. 'लग्न' म्हणजे मूळांत विवाह नव्हे. पूर्वक्षितिजाला त्या क्षणीं लागलेली राशि म्हणजे लग्न. त्या लग्नावर विवाह लावीत, म्हणून विवाहालाच लग्न म्हणूं लागले. दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा, काळ तो मुहूर्त. साठ पळांची एक घटका. घड्याळें आलीं तरी 'घटकाभर बसा' आणि 'पळभर थांबा' हें गेलें नाहीं. शनि एका राशींत सुमारें अडीच वर्षें राहतो. आपल्या राशीच्या आधींची, आपली आणि नंतरची अशा तीन राशींची मिळून साडेसाती. पांच गोष्टी एकाच दिवशीं जुळाव्या लागतात म्हणून दुर्मिळ भेटीला कपिलाषष्ठीचा योग म्हणतात. पत्रिका जुळवितांना जास्तींत जास्त गुण ३६. आणि दोन माणसांचें मुळींच पटत नसलें कीं त्यांचा ३६ चा आंकडा! एके ठिकाणीं ३६ म्हणजे पूर्ण मीलन, दुसरीकडे पाठीला पाठ लावून बसलेले तीन आणि सहा. भाषा कोणत्याही शास्त्राची अशी अंगणांतच थट्टा करते.

पण गणित हा शब्द येथें जपून वापरावा लागतो. ज्योतिषाचे आपल्या पूर्वजांनींच तीन स्कंध सांगितले : गणित, संहिता आणि होरा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत हीं अंगें किती काळजीनें वेगळीं ठेविलीं आहेत तें पाहण्यासारखें आहे. गणितानें ग्रह कोठें असेल तें सांगितलें जातें. होऱ्यानें त्याचें फळ सांगितलें जातें. पहिल्या भाकिताची परीक्षा आकाशांत होते. २२ जानेवारी १८९८ रोजीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहण दिसणार हें गणितानें आधींच ठरविलें होतें. त्या शब्दावर विश्वासून पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी घेऊन तेथें जाऊन बसले, आणि ठरल्या दिवशीं सूर्य झांकला गेला. एडमंड हॅलेनें १६८२ सालचा धूमकेतु १७५८ च्या सुमारास परत येईल असें लिहून ठेविलें. हॅले १७४२ सालीं वारला, आणि १७५८ च्या डिसेंबरांत धूमकेतु दिसला. बोलणारा गेला तरी त्याची भाक पाळली गेली. भाकीत शब्दाचा याहून चोख अर्थ मला सांगतां येणार नाहीं.

फळ सांगण्याची अशी परीक्षा क्वचितच घेतली गेली. २००८ सालीं पुण्यांत डॉ. जयंत नारळीकर यांनीं सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोळकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ती घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिष्यास त्यांतील ४० दिल्या, आणि कोणती पत्रिका हुशार मुलाची तें ओळखण्यास सांगितलें. २७ ज्योतिष्यांनीं उत्तरें धाडलीं. बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ४६ निघालें. नाणें उडवून सांगितलें असतें तरी शेंकडा ५० च्या आसपास बरोबर आलें असतें.

आतां आमच्या मुलीच्या मूळ नक्षत्राकडे वळूं. नक्षत्रें २७. चंद्र प्रत्येकांत साधारण एक दिवस असतो, म्हणजे सुमारें दर २७ मुलींमागें एक मूळावर जन्मते. पण एवढ्यावर भागत नाहीं. मूळाची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्याला. चार नक्षत्रें झालीं, म्हणजे जवळ जवळ सातांतली एक मुलगी. शास्त्रांत चरणांचे अपवाद आहेत. परंतु निरोप धाडणारे चरणापर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाहींत. शिवाय मंगळ. लग्नापासून १, ४, ७, ८ किंवा १२ या स्थानीं मंगळ असला कीं मुलगी मंगळाची; बारांपैकीं पांच घरें अशीं अडलीं. दोन्ही हिशेब एकत्र केले तर ज्यांच्यावर कोणताच ठपका नाहीं अशा मुली निम्म्याच उरतात. उरलेल्या निम्म्या मुली कोणातरी दिराला, सासऱ्याला किंवा नवऱ्याला घातक ठरल्या! ज्या समाजांत निम्म्या सुना घातक आहेत तेथें इतके आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन हिंडतांना दिसतात, याचा अर्थ वाचकांनींच करावा.

चौथा आधार अनुभवाचा, आणि या खोलींत मराठीची श्रीमंती सर्वांत मोठी आहे : अंदाज, अदमास, अटकळ, कयास, आडाखा, ठोकताळा. अटकळ मनांत बांधली जाते. आडाख्यांत थोडा हिशेब असतो. ठोकताळा पुष्कळ दिवसांच्या अनुभवानें बसतो, आणि एकदां बसला कीं त्यावर दुसऱ्याचें म्हणणें ताडून पाहतां येतें. अंदाज फारशींतून आला. स्वयंपाकघरांत मिठाचा अंदाज असतो, शेतांत पावसाचा. या सर्व शब्दांत एक नम्रता आहे. 'माझा अंदाज चुकला' म्हणतांना कोणाची मान खालीं जात नाहीं, कारण चुकण्याची शक्यता शब्दांतच मान्य केलेली असते.

आमच्या मराठवाड्यांत हा फरक पोटापाण्याचा आहे. मृगाचें वाहन बेडूक, म्हैस वा हत्ती निघालें कीं पाऊस चांगला, असें पंचांगांत पाहतात. सहदेव-भाडळीचे ठोकताळे म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडीं असतात. बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेला घट मांडतात : जमिनींतल्या खळग्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें, त्यांवर पाण्याची घागर, भोंवतीं धान्यांचे दाणे, दुसऱ्या दिवशीं पहांटे काय हललें, काय भिजलें तें पाहून पाऊसपाणी सांगावयाचें. वर्तमानपत्रें त्याला 'भाकीत' म्हणतात. हवामानखात्याच्या सांगण्याला मात्र 'अंदाज' म्हणतात. शब्द कोणीं योजून ठेविले नसतील, पण ते चपखल बसले आहेत.

१८७५ सालीं स्थापन झालेल्या या खात्यानें मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज १८८६ च्या जूनमध्यें दिला. आज एप्रिलमध्यें जो अंदाज निघतो त्यांत देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून यंदां तिच्या शेंकडा किती पाऊस पडेल तें सांगतात, आणि त्या आंकड्यापुढें 'पांच टक्के कमी वा अधिक' असें आपल्याच हातानें लिहितात; मे-अखेरच्या अंदाजांत ती चूक चारांवर आणलेली असते. अंदाज चुकला तर तोही नोंदला जातो आणि पुढच्या वर्षीं रीत सुधारली जाते. दुबार पेरणीची पाळी आली कीं शेतकरी या खात्यावर चिडतो, आणि त्याचें चिडणें खोटें नाहीं, कारण बियाणें त्याचें जातें. परंतु तो चिडूं शकतो, कारण ज्यानें शब्द दिला तो कोठें बसतो हें त्याला ठाऊक आहे. निघालेलें वाहन खोटें ठरलें तर तो कोणावर चिडणार?

असें झालें म्हणजे आपण नशिबाकडे वळतों. या वळणावर भाषेनें एक मौज करून ठेविली आहे. 'भाग्य' शब्दांत 'भाग' आहे, वांट्याला आलेला हिस्सा. आणि अरबी 'नशीब' याचाही मूळ अर्थ वांटा, हिस्सा असाच. निजामाच्या राज्यांत आमच्या पूर्वजांच्या ओसरीवर दोन्ही शब्द एकाच सतरंजीवर बसत. 'संचित' म्हणजे सांठविलेलें, 'प्रारब्ध' म्हणजे भोगावयास सुरुवात झालेलें. आणि या दोहोंच्या शेजारीं शास्त्रकारांनीं 'क्रियमाण' म्हणजे सध्यां करीत असलेलें, हाही शब्द ठेविला. पहिले दोन घरोघर बोलले जातात. तिसरा पोथींतच राहिला, ही आपली मोठी हानि आहे. बाळाच्या जन्मानंतर पांचवी वा सहावीच्या रात्रीं सटवाई कपाळावर लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवितात. सटवाई म्हणजे षष्ठी देवी. त्या कोऱ्या कागदाकडे पाहून माझ्या मनांत नेहमीं येतें कीं, सकाळीं तो कोराच असतो, आणि लेखणीही जवळच पडलेली असते.

ज्या रस्त्यावर आमचें घर आहे त्याच रस्त्याच्या टोंकाला, पैठणास, सोळाव्या शतकांत नाथांनीं हा विषय हाताळला होता. एकनाथांच्या भारुडांत जोशी आहे आणि पिंगळाही आहे. वेष दारोदार हिंडणाऱ्या जोशाचा, आरोळी त्याचीच. पण होरा सांगावयास लागला कीं तो ग्रहांचें नांव काढीत नाहीं. शरीराला गांव कल्पून मनाला तो त्या गांवचा पाटील ठरवितो आणि त्याच्यापासून सावध राहण्यास बजावतो. असें वागाल तर असें होईल, हें नाथांचें भाकीत. त्याचें फळ ऐकणाऱ्याच्या हातांत आहे. जोशाचा वेष घेऊन नाथांनीं जणूं 'क्रियमाण' हा शब्द पोथींतून काढून गल्लींत आणला.

हें सारें मीं दुसऱ्या दिवशीं ओसरीवर सांगितलें. घरांत वाद झाला नाहीं असें नाहीं. माझे बंधु व्यवहारी, ते हळूच म्हणाले, "जन्मवेळ थोडी पुढेंमागें केली तर नक्षत्र बदलतें. ती पहांटेचीच आहे. पुष्कळ लोक करतात." वहिनींनीं मान खालीं घातली. त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, खोटी वेळ सांगून मी कोणाच्या घरांत गेलें, आणि पुढें कधीं तिथें कोणाला साधा ताप आला, तरी मलाच रात्रभर झोंप येणार नाहीं." यावर बंधूंना बोलतां आलें नाहीं.

तेव्हां इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या आजी बोलल्या. आजी म्हणजे माझ्या मातोश्री. पोरांमुळें सारेच आजी म्हणतात. वय ८८. त्यांची थोरली बहीण मूळावरची होती. हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें त्यानंतर दोन वर्षांनीं, १९५० च्या सुमारास, तिचें लग्न झालें, पण त्यापूर्वीं तीन स्थळें मोडलीं. "मग वडिलांनीं काय केलें ठाऊक आहे?" आजी म्हणाल्या. "ज्या घरांत सासरा आधींच वारलेला आहे असें घर शोधलें. मिळालें तें दुसरेपणाचें. नवरा तिच्याहून वीस वर्षांनीं मोठा, पदरांत दोन मुलें. अक्कानें तीं आपलीं मानून वाढविलीं, तोंडांतून शब्द काढला नाहीं. पण मी सांगतें पुढचें. जें पहिलें स्थळ मोडलें, त्यांनीं दुसरी मुलगी केली, चांगल्या नक्षत्राची. दोन वर्षांत त्या घरचा म्हातारा गेला. तेव्हां त्या जोशाकडे कोणी गेलें नाहीं विचारायला. अक्काचें आयुष्य गेलें, आणि ज्यानें शब्द टाकला होता तो पुढच्या घरीं पत्रिका पाहत बसला होता."

ओसरीवर कोणी बोलेना. आजींनीं भाकीत शब्दाची व्युत्पत्ति कधीं वाचलेली नाहीं. परंतु मीं रात्रभर कोश चाळून जें शोधलें होतें तें त्यांनीं ७० वर्षें उरांत बाळगलें होतें. शब्द टाकणारा मोकळा राहतो, आणि त्याची किंमत ज्या मुलीनें कांहींच म्हटलेलें नसतें ती भरते.

वाचकहो, पंचांग आमच्या घरांतून जाणार नाहीं. तिथि त्यांत पाहावयाच्या आहेत, एकादशी, ग्रहण, सणवार पाहावयाचे आहेत; पाडव्याला आप्पांनीं संवत्सराचें नांव वाचलें नाहीं तर वर्ष लागल्यासारखें वाटणार नाहीं. पण शब्द जेथल्या तेथें ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे. गणिताला गणित म्हणावें, अंदाजाला अंदाज. शकुनाला शकुन म्हणावें आणि हंसून पुढें जावें. कोणीं भाकीत केलें तर तें त्याचें म्हणणें समजावें, आणि तें कशावरून, असें सौम्यपणें विचारावें. भविष्य हा शब्द मात्र अजून न घडलेल्यासाठींच राखावा.

त्या सायंकाळीं आप्पांनीं पुतणीला जवळ बोलाविलें. वाचनाचें पंचांग अद्याप त्यांच्या पाटाशेजारींच होतें. ते म्हणाले, "तुझें पुढें काय होईल तें मला सांगतां येत नाहीं, पोरी. पण एक भाक देतों. तुझें मूळ लपवून तुझें लग्न करणार नाहीं, आणि मूळाला भिऊन तुला भलत्या घरीं देणार नाहीं. त्याला लागतील तितके पाडवे लागोत."

तिनें वांकून नमस्कार केला. वहिनी डोळे पुसून पानें घेण्यासाठीं आंत गेल्या.